ज्याला स्क्रू आहेत, त्याला आशा आहे

2025 च्या जुलैतली गोष्ट. बाहेर पावसाची झड लागली होती आणि एका कादंबरीची शेवटची चाळीस पानं संध्याकाळपर्यंत तपासून द्यायची होती. मी मुद्रितशोधनाचं काम करते. पूर्वी प्रेसमधला मुलगा ओली गॅलीप्रुफं घेऊन दारात उभा राहायचा, आता पीडीएफ येते. फरक एवढाच. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका त्याच आहेत आणि दुखणारे डोळेही तेच. मी देवाला उदबत्ती लावली, चहाचा कप दूर ठेवला आणि लॅपटॉपचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. चार्जर काढून लावला, दुसऱ्या बोर्डात लावला. यंत्र जे निपचित पडलं ते पडलंच.

दुसऱ्या दिवशी सेवा केंद्रात गेले. तिथल्या मुलाने तपासून अगदी अदबीने सांगितलं, ''मॅडम, मदरबोर्ड गेलाय. बदलावा लागेल. 41 हजार होतील.'' लॅपटॉप घेतला होता चार वर्षांपूर्वी, 62 हजारांना. मी म्हटलं, ''ते बघू. पण आतलं सगळं मिळेल ना?'' तो म्हणाला, ''नाही मॅडम. या मॉडेलमध्ये स्टोरेज बोर्डावरच बसवलेलं असतं. बोर्ड गेला की तेही गेलं.''

तुम्ही म्हणाल, दुसरीकडे प्रत ठेवायला नको होती का? हवी होती. कामाच्या फायलींची होती. पण 2019 च्या मे महिन्यात आईपाशी बसून मी तिच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या फोनवर रेकॉर्ड केल्या होत्या. तीन दुपारी, मधूनमधून खोकत, ''आता पुरे गं'' म्हणत तिने त्या म्हटल्या. फोन बदलताना मी त्या या लॅपटॉपवर उतरवून ठेवल्या आणि मनाशी म्हटलं, आता सुरक्षित आहेत. आई 2021 मध्ये गेली. ओव्या त्या बोर्डाबरोबर गेल्या. साताऱ्याच्या बहिणीला त्यातली एक, चार मिनिटांची, मी तेव्हा पाठवली होती. तेवढी तिच्या फोनात शिल्लक आहे.

हे सगळं सांगायचं कारण असं, की पुढचे चार-पाच महिने मी नवा लॅपटॉप घ्यावा की नाही, घ्यावा तर कोणता, या एका प्रश्नावर जो खल केला, त्याला नुसता 'कुठला स्वस्त' हा प्रश्न नव्हता. त्यामागे ही चीड होती, आणि थोडी अपराधाची भावनाही होती.

आपल्या पुण्यात असं काही झालं की माणूस तपकीर गल्ली गाठतो. मीही गेले. तिथे एका अरुंद जिन्यावर, दोन माणसं बसली तर तिसऱ्याने उभं राहायचं अशा दुकानात एक तिशीचा मुलगा डोळ्याला भिंग लावून बसलेला असतो. त्याने माझा लॅपटॉप उघडला. उघडला म्हणजे कसा, तर प्लास्टिकची पट्टी कडेकडेने फिरवत, टकटक आवाज करत सोलला. आत बॅटरी डिंकाने चिकटवलेली. मेमरी वेगळी दिसेचना. त्याने चिमट्याने दोन काळे ठिपके दाखवले. ''काकू, ही मेमरी आणि हे स्टोरेज. दोन्ही सोल्डर केलंय. आता चिप काढून वाचू म्हटलं, तर डेटा कुलूपबंद आहे आणि त्याची किल्ली याच बोर्डावर. घर आणि किल्ली एकदमच जळाली, असं समजा.''

मग त्याने एक शहाणपणाचं काम केलं. ''घरी अजून एखादा जुना आहे का?'' असं विचारलं. आमच्या ह्यांचा 2014 मधला, पाटावरवंट्यासारखा जड लॅपटॉप माळ्यावर होता. तो नेला. खालचे स्क्रू काढले, एक झाकण निघालं आणि आत सगळं निगुतीने मांडलेलं दिसलं: इथे मेमरी, तिथे हार्ड डिस्क, इकडे पंखा. दहा मिनिटांत त्याने जुनी डिस्क काढून नवी एसएसडी बसवली, मेमरी वाढवली आणि अकरा वर्षांचं ते धूड पुन्हा धावायला लागलं. त्यावर मी ती कादंबरी पुरी केली.

हा सुखान्त झाला असता. पण 14 ऑक्टोबर 2025 रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 साठीचा नेहमीचा पाठिंबा थांबवला, आणि विंडोज 11 इतक्या जुन्या प्रोसेसरला अधिकृतपणे स्वीकारत नाही. म्हणजे यंत्र धडधाकट, पण त्याला वयाचा दाखला देऊन निवृत्त केलेलं. मी ते लिनक्सवर चालवून पाहिलं. वाचायला, लिहायला, पत्रं पाठवायला ते उत्तम चालतं. आजही घरात ते काम करतं आहे. पण माझ्या प्रकाशकांकडचे जुने फाँट आणि मांडणीचं सॉफ्टवेअर यांना विंडोजच लागतं. शिवाय ते धूड घेऊन सातारच्या एसटीत बसणं या वयात होत नाही. बहीण एकटी असते, महिन्यातले आठ-दहा दिवस मी तिच्याकडे असते आणि काम बरोबर न्यावं लागतं.

म्हणून मी माझी गरज कागदावर लिहून काढली. एक, लहान हवा, पिशवीत मावणारा. दोन, पडदा पूर्ण उलटा वळून पाटीसारखा हातात धरता यावा आणि त्यावर पेनने लिहिता यावं. कारण मुद्रितशोधन हे शेवटी हाताचं काम आहे, काना खोडायचा तर हात पेनकडेच जातो. तीन, मोडला तर उघडता यावा. दुकानांतून फिरले तेव्हा कळलं, की यातल्या कुठल्याही दोन गोष्टी मिळतात, तिसरी मागितली की विक्रेता कौतुकाने हसतो. लहान आणि वळणारा हवा, तर आत सगळं चिकटवलेलं. उघडणारा हवा, तर जड आणि न वळणारा. एका ठिकाणी मी विचारलं, ''याची मेमरी नंतर वाढवता येईल का?'' तर उत्तर आलं, ''मॅडम, तोपर्यंत तुम्ही नवा घ्याल की!''

दिवाळीत जर्मनीहून लेकीचा फोन आला. ती श्टुटगार्टला असते. ती म्हणाली, ''आई, तू सांगतेस तसाच एक लॅपटॉप आहे. फ्रेमवर्क नावाच्या कंपनीचा. मी डिसेंबरात येताना घेऊन येऊ का?''

फ्रेमवर्क ही सॅन फ्रान्सिस्कोची कंपनी. निरव पटेल नावाच्या अभियंत्याने ती काढली. लॅपटॉप ग्राहकाला स्वतः उघडता यावा, त्याचे भाग सुटे मिळावेत आणि नवा प्रोसेसर आला की पूर्ण यंत्र न टाकता नुसता बोर्ड बदलता यावा, एवढा एकच हट्ट धरून. त्यांचा पहिला 13 इंची लॅपटॉप 2021 मध्ये आला. वस्तू उघडून त्यांची दुरुस्तीयोग्यता जोखणाऱ्या आयफिक्सिट या संस्थेने त्याला दहापैकी दहा गुण दिले. पण मला त्याहून महत्त्वाची वाटली ती पुढची गोष्ट. 2022, 2023, 2024 आणि 2025 मध्ये आलेले नवे बोर्ड त्याच जुन्या सांगाड्यात बसतात. बोलणारे पुष्कळ असतात. चार वर्षं शब्द पाळणारा वेगळा.

2025 मध्ये त्यांनी लहान भावंड काढलं: फ्रेमवर्क लॅपटॉप 12. पडदा 12.2 इंची, स्पर्शाने चालणारा, 360 अंशांत वळणारा, पेन चालणारा. वजन साधारण 1.3 किलो. मेमरीसाठी एक खाच, त्यात 48 जीबीपर्यंतची पट्टी बसते. साठवण वेगळ्या पट्टीवर, 22 मिलिमीटर रुंद आणि 30 मिलिमीटर लांब, म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढी. बोर्ड मेला तरी ती पट्टी काढून दुसऱ्या यंत्रात लावता येते. मात्र ती कुलूपबंद असेल तर कुलपाची किल्ली आपण वेगळी लिहून ठेवलेली हवी. हे वाचलं तेव्हा मी क्षणभर थांबले. ही तिकिटाएवढी पट्टी माझ्या जुन्या लॅपटॉपात असती, तर आईचा आवाज आज घरात असता.

आणखी एक गंमत त्यात आहे. कडेला चार चौकोनी कप्पे आहेत. त्यांत आपल्याला हवी ती जोडणी सरकवायची: टीव्हीची हवी तर ती, साध्या पेन ड्राइव्हची हवी तर ती. चार्जिंगही त्यातल्याच एका तुकड्यातून होतं. ज्यांनी रोज चार्जर लावून-काढून पिन सैल झाल्यामुळे बोर्ड दुरुस्तीला टाकलाय, त्यांना याचं मोल कळेल. इथे तुकडा झिजला की तुकडा बदलायचा, बोर्डाला हात लावायचा नाही.

एवढं वाचून मी फोन उचलून ''आण'' म्हणणारच होते. पण आमचे हे आयुष्यभर हिशेब तपासणीसाच्या नोकरीत होते. ते म्हणाले, ''गुण वाचलेस, आता दोष लिही.''

दोषही कमी नव्हते. पहिला पैशाचा. हा लॅपटॉप बाजारात आला तेव्हा सुट्या संचाची किंमत अमेरिकेत 549 डॉलरपासून आणि तयार यंत्राची 799 डॉलरपासून होती. 2025 च्या दिवाळीतल्या दराने साधारण 48 हजार आणि 70 हजार रुपये. संचात मेमरी आणि साठवण आपली आपण घालायची. जर्मनीचा कर, पेन, चार्जर धरून आमचा हिशेब 75 हजारांच्या घरात गेला. तेवढ्यात इथे झगझगीत, नव्या प्रोसेसरचा लॅपटॉप मिळतो. याचा प्रोसेसर इंटेलच्या तेराव्या पिढीचा, म्हणजे 2023 चा. अंगाने प्लास्टिकचा. कीबोर्डमागे दिवा नाही, बोटाचा ठसा ओळखायची सोय नाही.

दुसरा दोष मोठा. मी चौकशी केली तेव्हा कंपनी भारतात थेट विकत नव्हती. 18 वर्षांवरील प्रवाशाला सामानात एक लॅपटॉप करमुक्त आणता येतो, त्यामुळे आणण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न नंतरचा. ज्याचा सुटा भाग गावात मिळत नाही, ती वस्तू दुरुस्त होण्यासारखी आहे म्हणण्यात अर्थ काय?

हाच प्रश्न घेऊन मी पुन्हा तपकीर गल्लीत गेले. भिंगवाल्याने फोनवर त्या लॅपटॉपच्या आतली छायाचित्रं बारकाईने पाहिली. दुसऱ्या सुताराचं काम पाहणाऱ्या सुतारासारखा तो पाहत होता. ''सुंदर बनवलाय,'' तो म्हणाला. ''मेमरी, एसएसडी इथलीच चालेल, ती काय, कुठेही मिळते. पण काकू, बॅटरी, पडदा, कीबोर्ड, बिजागरी हे त्यांचंच लागणार. ते माझ्याकडे कधीच येणार नाही. तुम्हाला मुलगी आहे तिकडे म्हणून ठीक. नाहीतर मी तुम्हाला कंपन्यांतून निघालेला चांगला जुना लॅपटॉप 28 हजारांत देतो. त्याचा प्रत्येक स्क्रू या गल्लीत मिळेल.''

मी घरी आले ती विचार करतच. आमच्याकडे आईचं शिलाई मशीन आहे. पन्नास वर्षं चाललंय. मला वाटायचं, जुन्या काळच्या वस्तू मजबूत असत म्हणून ते टिकलं. पण आठवून पाहिलं तर ते कितीदा तरी बिघडलं होतं. पट्टा तुटला, बॉबिन केस झिजली, सुया तर डझनांनी मोडल्या. ते टिकलं, कारण सुई, बॉबिन, पट्टा कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळायचे, ते बसवणारा माणूस बाजारात बसलेला असायचा, आणि आईला स्वतःला तेल घालणं, दोऱ्याचा ताण बघणं येत होतं. म्हणजे टिकण्याला तीन पाय लागतात: उघडणारी वस्तू, मिळणारा भाग आणि येणारा हात. माझ्या मेलेल्या लॅपटॉपला पहिलाच पाय नव्हता. भिंगवाल्याच्या जुन्या लॅपटॉपला तीनही होते, पण तो वळत नव्हता, त्यावर पेन चालत नव्हतं. फ्रेमवर्कला पहिला पाय भक्कम, दुसरा सातासमुद्रापलीकडे, आणि तिसरा? तिसरा मी स्वतः व्हायला तयार आहे का, हा प्रश्न होता.

हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2021 पासून लॅपटॉप, मोबाइल, टीव्ही अशा वस्तूंवर दहापैकी किती दुरुस्तीयोग्य ते छापणं सक्तीचं झालं. सुटे भाग मिळतात का, केवढ्याला, उघडायला किती खटपट, हे सगळं धरून तो आकडा काढतात. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात त्याचं पोर्टल सुरू झालं, आणि 2025 मध्ये एका तज्ज्ञ समितीने मोबाइल आणि टॅबलेटपासून सुरुवात करून असाच निर्देशांक द्यावा अशी शिफारस केली. फ्रिजवरचे वीजबचतीचे तारे पाहायला आपण शिकलोच की नाही? तसंच हेही शिकू. पण तोवर दुकानात उभं राहून प्रश्न विचारणं आपल्याच हाती आहे.

शेवटी ह्यांनीच वहीत रेघ मारून हिशेब मांडला. मागचा लॅपटॉप 62 हजारांचा, चार वर्षं चालला. वर्षाला साडेपंधरा हजार. हा 75 हजारांचा सात वर्षं चालला आणि मध्ये बॅटरी नि कीबोर्ड मिळून पंधरा हजारांचा खर्च आला, तरी वर्षाला तेरा हजारांच्या आत. ''पण सात वर्षं चालला तर,'' ते म्हणाले आणि 'तर'खाली दोन रेघा मारल्या. हा हिशेब काही दगडावरची रेघ नाही, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. लेक दर वर्षी येते आणि बॅटरीसारखा भाग हातसामानात आणता येतो, या भरवशावर तो उभा होता. ज्यांच्या घरचं कुणी परदेशातून येत-जात नाही, त्यांना मी आजही भिंगवाल्याचा 28 हजारांचा लॅपटॉपच सुचवीन, आणि त्यात कमीपणा काही नाही. पेनची गरज नसती तर मीही तोच घेतला असता.

मी लेकीला सांगितलं, ''आण. आणि जोडलेला नको, सुटा संच आण.'' ती हसली. ''आई, जोडणार कोण?'' मी म्हटलं, ''बघू.''

डिसेंबरच्या शेवटी ती आली. मेमरी घ्यायला गल्लीत गेले, तर भिंगवाला म्हणाला, ''दिवाळीतच घ्यायला हवी होती काकू, भाव भडकलेत.'' खरंच होतं. 2025 सरताना जगभर मेमरी महागली होती, आणि आमच्या हिशेबाला तिथेच पहिली ठेच लागली. एका रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर जुनं धोतर अंथरून मी खोकं उघडलं. आत लॅपटॉपबरोबर कंपनीचाच एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर होता. आजवर मी विकत घेतलेल्या कुठल्याही यंत्राने मला 'उघड' असं म्हटलेलं नव्हतं. बहुतेकांवर 'उघडल्यास हमी रद्द' अशी धमकीच चिकटवलेली असायची. लेक शेजारी बसली, पण हात मागे घेऊन. खालचे स्क्रू सैल केले, कीबोर्डचा भाग हलकेच उचलला. प्रत्येक भागावर नाव आणि फोनने वाचायचा चौकोनी संकेत छापलेला. मेमरीची पट्टी खाचेत तिरकी धरून दाबली, तिकिटाएवढी पट्टी बसवून तिचा बारीक स्क्रू आवळला. माझे हात थरथरत होते, हे कबूल करते. सगळ्याला चाळीस मिनिटं लागली. सरावलेला माणूस दहात करील.

आता त्यावरच काम करते आहे. पडदा उलटा वळवून मांडीवर घेते आणि पेनने काने-मात्रा खोडते. अंधारात कीबोर्ड दिसत नाही, तेव्हा दिवा लावते. एसटीत तो जड होत नाही. अजून काही बिघडलेलं नाही, त्यामुळे माझा निर्णय बरोबर की चूक हे मी सांगू शकत नाही. दुरुस्त होणाऱ्या वस्तूची परीक्षा ती बिघडल्यावरच होते, आणि तो दिवस अजून यायचा आहे.

तुम्ही मात्र पुढचा लॅपटॉप घ्यायला जाल तेव्हा विक्रेत्याला चार प्रश्न विचारा. मेमरी बदलता येते का? साठवण सुटी निघते का? बॅटरी स्क्रूने बसवली आहे की डिंकाने? आणि पाच वर्षांनी ती बॅटरी मला याच शहरात मिळेल का? तो हसला, तर हसू द्या.

आणि घरी आल्यावर आणखी एक काम करा. दुरुस्त होणारं यंत्र असो वा नसो, आईवडिलांचा आवाज असेल त्याच्या तीन प्रती तीन जागी ठेवा. त्यातली एक भावंडाकडे. बहिणीच्या फोनातली ती चार मिनिटं मी आता पाच ठिकाणी ठेवली आहेत. आईचं खोकणं आणि ''आता पुरे गं'' हेही त्यात आहे.